एकोणीस क्रेट सरळ काकडी

पट्टीताईंना हसू कधी येईल याचा काही नेम नव्हता, आणि एकदा आलं की ते कुणाच्या बापाला आवरत नसे. स्वतःच्या लग्नात त्या हसल्या. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर अगदी गंभीर चेहऱ्यानं सही मागत होते, तेव्हाही हसल्या. सहीची जागा दाखवणाऱ्या डॉक्टरांच्या बोटाला शाई लागली होती, तेवढं कारण त्यांना पुरलं. तशी हसरी माणसं जगात पुष्कळ असतात, पण ती समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसतात. ताईंचं हसू म्हणजे उचकी होती. भलत्या वेळी लागायची आणि पाणी पिऊनही थांबायची नाही.

बावीस वर्षं त्या बियाण्यांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. कोण काय पेरणार हे त्या शेतकऱ्याच्या बायकोच्याही आधी त्यांना कळे. एकरभर, दीड एकर, कुणाची त्याहून कमी जमीन. त्यात राब राब राबणारी ही माणसं. "यंदा काय लावताय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शेजारी लावील ते." मग सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात तयार व्हायचा, सगळे एकाच दिवशी बाजारात जायचे, आणि व्यापारी टोपल्यांच्या रांगेकडे बघून जांभई द्यायचा. त्या जांभईनंच अर्धा भाव पडायचा. उरलेला अर्धा पडायचा तो टोपलीत हात घातल्यावर, कारण टोपलीत वर टपोरा माल आणि खाली कचरा हे ठरलेलंच. वरून कीर्तन, आतून तमाशा. ताईंनी स्वतःच्या घरासाठी भाजी घेतानासुद्धा कधी वरची उचलली नाही.

पुढे दुकानाचे मालक लेकीकडे राहायला गेले आणि दुकान बंद झालं. तेव्हा एका छोट्या संस्थेनं ताईंना नेमलं. काम असं, की अशा लहान शेतकऱ्यांना एकत्र बसवायचं, त्यांचा धंदा त्यांच्या पायावर उभा करायचा आणि दोन वर्षांत बाजूला व्हायचं. "बाजूला व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" असं ताईंनी विचारलं होतं, पण संस्थेच्या साहेबांना तेवढ्यात फोन आला आणि ते राहूनच गेलं.

हो नाही करता करता एकोणीस घरं जमली. सगळी जमीन एका पिकाखाली घालायची नाही, सगळं एकदम पेरायचं नाही, हे पटवायला एक हंगाम गेला. प्रत्येकानं काकडीच्या दोन ओळी आज लावायच्या, दोन दहा दिवसांनी, दोन त्याच्यानंतर. बाकी रानात शेंगा, पालेभाजी, कोपऱ्यात खताचा खड्डा. म्हणजे मालही थोडा थोडा सतत येईल आणि मातीचा जीवही जाणार नाही. गटातले मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन शेतीला लागलेले गृहस्थ, यांनी हे सगळं फळ्यावर चौकटी आखून समजावलं आणि मग स्वतःच सहाच्या सहा ओळी एका दिवसात लावून मोकळे झाले. "वेळ होता म्हणून लावल्या," म्हणाले. त्यांना चार ओळी मोडून पुन्हा लावायला सांगितल्या, तेव्हा ते आठवडाभर ताईंशी बोलले नाहीत.

गिऱ्हाईकही ताईंनीच हुडकलं. गावाबाहेर एक मोठं स्वयंपाकघर होतं, तीन कारखान्यांचं दुपारचं जेवण तिथून जायचं. ताटात काकडीच्या चकत्या रोज. चकत्या करायचं यंत्र होतं आणि त्या यंत्राला सरळ काकडीच चाले. वाकडी गेली की ते रुसायचं. तिथल्या मॅनेजरला भाजीवाले मागे 'उलथणं' म्हणत. कारण कुणाचाही क्रेट आला की हा माणूस तो उचलून सिमेंटच्या ओट्यावर उलथा करी आणि तळाला काय होतं ते आधी बघे. तोंडावर अर्थात सगळे साहेब म्हणत.

"सोमवारी एकोणीस क्रेट सरळ काकडी आणा," त्यानं ताईंना सांगितलं. "माल नीट असला तर वर्षभर, आठवड्यातून दोनदा तुमच्याकडूनच घेईन. नसला तर पुन्हा तोंड दाखवू नका."

झालं. आता सगळं त्या सोमवारवर आलं. पुढच्या ओळी रानात उगवून वर आल्या होत्या. सोमवार हुकला तर हा सगळा माल पुन्हा त्या जांभई देणाऱ्याच्या दारात, आणि ज्यांनी ताईंवर भरवसा ठेवून सवय मोडली, ते पुन्हा शेजाऱ्याकडे बघून पेरायला मोकळे. दुसऱ्यांदा कोण ऐकणार होतं?

सरळ म्हणजे किती सरळ, यावर आठ दिवस खल झाला. ताईंकडे दुकानातली जुनी लाकडी पट्टी होती, नाव पडलं ते तिच्यावरूनच. काकडी पट्टीवर ठेवायची आणि मधल्या फटीतून करंगळी गेली तर वाकडी, असं पहिल्यांदा ठरलं. तर सगळे आपापल्या काकड्या घेऊन गटातल्या पैलवानाच्या घरी जायला लागले. त्याची करंगळी म्हणजे दुसऱ्याचा अंगठा. ती कशाखालूनही जाईना. विळ्यासारख्या काकड्या त्याच्याकडून सरळ ठरून यायला लागल्या. शेवटी करंगळी रद्द झाली आणि पेन्सिल आली. तरीही आपला तो बाब्या हे चालूच. "ही वाकडी नाही, जरा झुकलीय," मास्तर म्हणाले. कुणी म्हणालं, पोटात गेल्यावर सगळ्या सरळच होतात. ताई गटाच्या शेडमधल्या पोत्यावर बसून पोट धरून हसल्या आणि काकडी मात्र बाजूला टाकायला लावली.

रविवारी त्या स्कूटरवरून एकोणीस घरं फिरल्या. प्रत्येकाला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून एकच वाक्य सांगितलं: "एक ध्यानात ठेवा, ते साहेब खालचं बघतात." म्हणजे तळाला कचरा घालू नका. एवढाच त्याचा अर्थ. बावीस वर्षं टोपल्यांचे तळ पाहिलेल्या बाईनं दुसरं काय सांगायचं? प्रत्येकानं मान हलवली. कुणी कुणी तर जरा जास्तच हलवली, ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी सकाळी शेडमध्ये क्रेट येऊन लागले. वरून ओलं गोणपाट पांघरलेलं, ते अर्ध्या बाजूपर्यंत खाली आलेलं. ताई वाकून वाकून प्रत्येक क्रेटच्या जाळीतून तळाचा थर बघत गेल्या. सरळ. पुढचा, सरळ. त्याच्या पुढचा, रुळासारखा सरळ. अठरा क्रेटचे तळ बघून होईपर्यंत त्यांचे डोळे भरून आले. माणसं सुधारली, असं त्यांना वाटलं. गोणपाट वर करून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.

एकोणिसावा क्रेट आत्याचा. आत्या म्हणजे सगळ्या गटाची आत्या, सत्तरीची, अर्ध्या एकराची मालकीण, वाळक्या शेंगेसारखी आणि तितकीच कडक. तिचा क्रेट निम्माच भरलेला होता. अठरा भरलेल्या क्रेटच्या शेजारी तो फारच केविलवाणा दिसत होता. बिचारी. साहेब म्हणतील, हा काय क्रेट आहे? आत्या टेम्पोत पुढची जागा धरायला गेली होती. शेडच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नापास केलेल्या काकड्यांचा ढीग पडला होता. ताईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यातल्या त्यात बऱ्या काकड्या निवडल्या, पाठी वर करून, म्हणजे बाक खाली लपेल अशा, आत्याच्या क्रेटवर नीट रचल्या आणि गोणपाट घातलं. नाहीतरी ते खालचंच बघतात, असं स्वतःशी म्हणाल्या. पट्टी काखेतच होती.

टेम्पो ताईंच्या धाकट्या दिराचा. पुढे तो, मध्ये आत्या, कडेला ताई. मागे क्रेट धरून मास्तर. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलेलं. दीर विनाकारण हॉर्न वाजवत होता. आत्यानं खिडकीची काच सात वेळा खाली-वर केली.

"किती माणसं जेवतात गं तिथं?" आत्यानं विचारलं.

"बाराशे."

"बाराशे माणसं माझी काकडी खाणार," आत्या म्हणाली, आणि जरा वेळानं, "माझी सून एक खात नाही."

ताईंना हसू फुटलं, दिराला फुटलं, टेम्पो रस्त्यावर नागमोडी झाला आणि मागून मास्तरांनी टपावर थापा मारल्या.

स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात वाफेचे लोट होते. ओळीनं बसलेल्या बायका बटाटे सोलत होत्या. एकोणीस क्रेट ओट्यावर मांडून झाले आणि मॅनेजर बाहेर आला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"न्हाणीघरात घसरलो," तो कुणी न विचारता म्हणाला. "आज उलथं करणं जमायचं नाही. वरूनच बघतो."

मागे कुणीतरी आवंढा गिळल्याचा आवाज आला. ते मास्तर होते.

मॅनेजरनं डाव्या हातानं पहिलं गोणपाट काढलं. काकड्या वाकड्या. दुसरं काढलं. त्याही वाकड्या. तिसरा क्रेट मास्तरांचा. त्यातली वरची काकडी तर स्वतःचंच शेपूट बघायला वळल्यासारखी. एकामागून एक गोणपाटं निघत होती आणि एकामागून एक विळे, कोयते, कमानी बाहेर पडत होत्या. बटाटे सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"याला सरळ म्हणतात तुमच्याकडे?" मॅनेजर अगदी शांतपणे म्हणाला. त्यानं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटचं गोणपाट आत्याच्या क्रेटवरचं. ते निघालं आणि आत्या पुढे झाली.

"ह्या माझ्या नाहीत," ती म्हणाली.

"क्रेट कुणाचा आहे?"

"क्रेट माझा. ह्या माझ्या नाहीत. एकेक मी हातानं खुडलीय, मला माझी काकडी कळत नाही होय?" आणि तिनं वरच्या काकड्या उचलून ओट्यावर मांडायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, तीस. खाली निम्मा क्रेट राहिला, सगळा सरळ. "ह्या माझ्या. एवढ्याच निघाल्या, एवढ्याच आणल्या. वर हे कुणी घातलं?"

मास्तरांनी आभाळाकडे बघितलं. दीर टेम्पोच्या चाकाकडे बघायला लागला. आणि नेमक्या त्या क्षणी, सगळं बुडत असताना, ताईंना हसू आलं. आधी खांदे हलले, मग पट्टी खाली पडली. त्यांनी पदर तोंडात कोंबला, उपयोग झाला नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मी," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी घातलं. निम्मा क्रेट बघून मला वाईट वाटलं हो. म्हटलं, तुम्ही काय, खालचंच बघता."

"मलाही ताईंनीच सांगितलं," मास्तर एकदम म्हणाले. "साहेब खालचं बघतात म्हणून. क्रेट तर भरायला हवा होता. मग सरळ होत्या त्या मी खाली घातल्या, वाकड्या वर."

"सगळ्यांनी?" मॅनेजरनं विचारलं.

मास्तरांनी जवळच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळाची काकडी काढली. सरळ. पुढच्यातली काढली. तीही. एकोणीस घरांत एकच कानमंत्र गेला होता आणि अठरा घरांनी, एकमेकांना न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा कचरा वर आणि चांगला माल खाली भरला होता. आतून कीर्तन, वरून तमाशा. एकोणिसाव्याचा तमाशा ताईंनी स्वतः केला होता. बटाट्यांवरच्या बायकांत आधी एक हसली, मग ओळीनं सगळ्या. एकीच्या मांडीवरचे बटाटे अंगणभर घरंगळले. आत्या हसली नाही, आणि मॅनेजरही नाही.

"सगळे ओता," तो म्हणाला. "सरळ एकीकडे, वाकड्या एकीकडे. मोजा किती क्रेट होतात."

पेन्सिल मास्तरांच्या खिशात होती. सगळे कामाला लागले, दोन बायकाही हातातली सुरी टाकून आल्या. वाकड्यांच्या ढिगाची उंची वाढायला लागली तसं ताईंचं हसू आपोआप विरलं. अर्ध्या तासानं सरळ काकड्यांचे अकरा क्रेट भरले. बारावा भरेना.

"अकरा," ताई म्हणाल्या. "तुम्ही एकोणीस सांगितले होते. चूक माझी आहे, या लोकांची नाही."

मॅनेजर अकरा क्रेटभोवती एक फेरी मारून आला. मग ओट्याच्या कडेवर बसला.

"मला अकराच लागतात," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना.

"मग एकोणीस कशाला मागितलेत?" आत्यानं विचारलं.

"तेरा वर्षं झाली मला इथं. जो येतो त्याचा निम्मा माल टाकावा लागतो. म्हणून मी वाढवूनच सांगतो." त्यानं गळ्यातली झोळी सारखी केली. "मी वाढवून सांगतो म्हणून तुम्ही भर घालता, असंही असेल."

हे बोलताना त्याला पहिल्यांदा हसू आलं, अगदी डाव्या कोपऱ्यातून, पण आलं. व्यवहार तिथंच ठरला. दर खेपेला अकरा क्रेट सरळ. वाकड्या, वाकड्या म्हणून सांगून वेगळ्या दिल्या तर किसायला चार क्रेट. उरतील त्या घरी, गाईपुढे. पण एकदा जरी सरळच्या क्रेटमध्ये वाकडी निघाली, वर असो की खाली, तर संपलं.

परत येताना ताईंनी दिराला दोन ठिकाणी टेम्पो थांबवायला लावला, वाटेतल्या घरांना सांगायला. मास्तर मागून येईल-जाईल त्याला "अकरा, अकरा" म्हणून ओरडत होते, आणि ज्यांना काही माहीत नव्हतं तेही हात हलवत होते. आत्या मात्र समोरच्या काचेतून रस्ता बघत होती.

संध्याकाळी शेडमध्ये एकोणीस घरांची बैठक झाली. हशा, टाळ्या, कुणाची काकडी सगळ्यात वाकडी यावर वाद. पैलवानानं तर आपली एक काकडी खुंटीवर अडकवून दाखवली. मग आत्या उभी राहिली.

"दोन गोष्टी," ती म्हणाली. "निघेल तेवढंच आणायचं. अर्धा क्रेट असला तर अर्धा. पाच काकड्या असल्या तर पाच. बेरीज इथं करू."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"दुसरी. माल भरताना ताईनं शेडमध्ये यायचं नाही."

सगळे हसले. ताईही हसल्या. आत्या हसत नाही असं दिसलं तेव्हा एकेक जण थांबला.

"अगं आत्या, मीच तर हे सगळं..." ताई म्हणाल्या.

"तूच शिकवलंस. नाही कोण म्हणतंय? पण माझा क्रेट निम्मा बघून तुला दया आली, आणि त्या दयेपायी मी बाराशे माणसांच्या दारात खोटी ठरत होते. मला गिऱ्हाईक हवंय बाई, दया नको. ती माझ्या घरी पुष्कळ आहे." मग तिनं सगळ्यांकडे बघितलं. "हात वर करा."

एक हात वर गेला, मग चार, मग सगळे. शेवटी मास्तरांनीही केला, ताईंकडे न बघता, आणि ठराव वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढला. ताईंचा चेहरा लाल झाला. लागलं त्यांना, चांगलंच लागलं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घड्याळजी, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा आणि मोजून बोलणारा माणूस.

"आत्या बरोबर आहे," तो म्हणाला.

"मला माहितेय," ताई फणकारल्या आणि भात जास्तीचा वाढला.

गुरुवारी सकाळी दुसरी खेप होती. ताई सवयीनं सहालाच शेडवर पोचल्या आणि दाराबाहेर स्कूटरला टेकून उभ्या राहिल्या. दार लोटलेलं होतं. आत गदारोळ चालला होता. कुणी म्हणत होतं, ही जाते. आत्या म्हणत होती, ही नाही जात. मास्तर आपल्या एका काकडीचं वकीलपत्र घेऊन उभे होते आणि हरत होते. कुणी पाच काकड्या आणल्या होत्या, त्यावरून दुसऱ्यानं टोमणा मारला आणि तिसऱ्यानं त्याला गप्प केलं. ताईंनी दोनदा दाराकडे पाऊल टाकलं आणि दोनदा मागे घेतलं. एकदा तर, "पेन्सिल आडवी नको, उभी धरा," असं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात आतून पैलवानच म्हणाला, "मास्तर, उभी धरा ती."

दार उघडलं. अकरा क्रेट आणि चार क्रेट वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्या बांधून बाहेर आले. ही दोऱ्यांची युक्ती कुणाची, ताईंना माहीत नव्हतं. दिरानं टेम्पो चालू केला. आत्या पुढच्या सीटवर चढली, काच खाली केली, आणि तिला ताई दिसल्या.

"तू इथं काय करतेस?" तिनं विचारलं. "घरी जा की. काही काम नाही तुझं."

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. बाकीचे हात झटकत, बोलत बोलत आपापल्या रानाकडे निघून गेले. जाताना दोघांनी "ताई, बरं आहे ना" म्हटलं, बस्स. सहापासून आठपर्यंत एकोणीस घरांतल्या एकाही माणसानं त्यांना कामाचं काहीही विचारलं नव्हतं. साहेबांचं ते 'बाजूला व्हायचं' म्हणजे हेच, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना इतका आनंद झाला, इतका, की स्कूटरची किल्ली हातात असताना त्या ती पर्समध्ये शोधत राहिल्या.